यादीत नसलेलं

पहिल्या यादीत एकेचाळीस ओळी होत्या.
ड्रिल दोन, कारण एक हटकून बिघडतं.
हिऱ्याच्या दातांची पाती सहा.
हायड्रॉलिकसाठी तेल, तेही वनस्पतीचं,
गळालंच तर माशांना बाधू नये म्हणून.
नळ्या, नळ्यांचे जोड, जोडांचे रबर,
आणि गंजू शकणारं सगळं
वेगळ्या खोक्यात, मेण लावून.

पेट्या ब्रिस्बेनहून मे महिन्यात निघणार.
तरावाच्या धक्क्यावर किती दिवस उन्हं खात पडतील
ते बिएनाते जाणे, कस्टमचा,
जो फोनवर नुसता हसतो
आणि म्हणतो, बोट आली की आली.

परवानगीसाठी आम्ही अबाइआंगला गेलो.
मनेआबात, गावाच्या त्या मोठ्या छपराखाली,
चपला बाहेर, मांडी घालून,
हातात नारळाची गोड नीरा.
मी नकाशा पसरला, चार कोपऱ्यांवर चार शिंपले.
म्हटलं, हे इथलं पोवळं,
तिघांनी हात पसरले तरी कवेत न मावणारं.
वर्षाला नखाएवढं वाढतं.
त्यातून मनगटाएवढी जाड एक कांडी काढायची,
तीन मीटर, फक्त एक.

म्हातारे बराच वेळ चटईकडे बघत राहिले.
मग मागच्या रांगेतून, खांबाला टेकलेल्या बाईनं विचारलं,
नेई कारोटूनं, जी पंचायतीच्या बोटीचं डिझेल मोजते:
"भोक बुजवणार कशानं?"

मी यादी चाळली. वरून खाली, खालून वर.
डॉक्टर लिंडक्विस्ट म्हणाले, सिमेंटनं, अर्थात,
ते गृहीतच असतं.
"बरं," ती म्हणाली. "गृहीत किती किलो?"

सगळे हसले, तेही हसले.
माझे कान मात्र तापले होते.

रात्री ती कॅन मोजत होती, टॉर्च दातात धरून.
मी झाकणं घट्ट करून देत होते.
सतराव्या कॅनशी टॉर्च काढून म्हणाली,
"किती मागचं वाचता येतं त्या दगडात?"
दोनशे वर्षं, तीनशे.
"पंचावन्न साल?"
सापडेल.
"पाऊस?"
पाऊस म्हणून नाही, मी म्हटलं.
पाणी किती तापलं होतं, किती खारं होतं, त्यावरून
कोरडं वर्ष ओळखू येतं.

तिनं अठरावा कॅन हलवून पाहिला.
"त्या साली आईनं मला मावशीकडे दिलं.
मी दोन वर्षांची.
सांगायची, विहीर खारट झाली होती,
नारळ हिरवेच गळत होते, दोघांना पुरेल एवढं नव्हतं.
भावाला ठेवलं."

इओतेबा किनाऱ्यावर बोट ओढत होता,
वाळूवर तिचा पोट घासल्याचा आवाज येत होता.
मी काही म्हणणार होते,
मुलं देण्याची इथली रीत, मला वाचून माहीत असलेलं काहीतरी.
बरं झालं, म्हटलं नाही.

"पाण्याचं तेवढं कळवा," ती म्हणाली.
"बाकीचं मी बघीन."
आणि वहीत लिहिलं: अठरा.

परवानगीच्या अर्जात एक रकाना आहे,
स्थानिकांना होणारा लाभ.
तिथं आम्ही लिहिलंय: दोन विद्यार्थ्यांना प्रशिक्षण,
शाळेत व्याख्यान, अहवालाच्या पाच प्रती.
कांडी आधी एक्स-रेखाली जाईल,
मग करवतीखाली, मग तिची पूड होईल, 
मग प्रयोगशाळेतली रांग.
आकडे यायला अडीच वर्षं. घाई केली तर दोन.
तिला खोकला आहे.

आता यादीत त्रेचाळीस ओळी.
बेचाळिसावी: पाण्याखाली घट्ट होणारं सिमेंट, वीस किलो,
वर पाच, सांडलवंडीसाठी.
त्रेचाळिसावी पेन्सिलीनं आहे:
कारोटू, १९५५, निघेल ते.
तिच्यापुढे वजनाचा रकाना रिकामा,
आणि पेटी क्रमांकाचाही.